डावी बाही

४ जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग खुशाली. तुझा भाऊ मास्तर झाला. हसून घे, मी थांबतो.

नकाशांचं ऑफिस बंद पडून आठ महिने झाले. इतके दिवस मी घरात खिडक्यांच्या कड्या दुरुस्त करत होतो, आणि आता एकही कडी मोडायची शिल्लक नाही. तेवढ्यात खारूच्या शाळेतले गणिताचे सर जिन्यावरून पडले. पडले कसले, मधल्या सुट्टीच्या गर्दीत कुणीतरी मागून ढकललं. चौदा पायऱ्या. मांडीचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले, आणि कठड्याच्या लाकडात रक्ताचा डाग असा मुरलाय की शिपाई रोज घासतो तरी जात नाही. ढकलणारा सापडला नाही. त्यांच्या जागी दोन महिने बदली शिक्षक म्हणून मला घेतलंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, काम आवडलं तर कायम करू. ६ ऑगस्टला त्या स्वतः मागच्या बाकावर बसून माझा तास बघणार आहेत.

आता गंमत ऐक. वर्ग मिळाला तो आठवीचा, म्हणजे आपल्या खारूचाच! तिची आई माहेरी स्वतःच्या आईच्या सेवेत अडकलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि शाळेतही आम्ही दोघं. म्हणून पहिल्याच दिवशी कायदा केला. शाळेत मी सर, ती विद्यार्थिनी. शाळेची तक्रार घरी आणायची नाही, घरचे लाड शाळेत न्यायचे नाहीत. खारूने मान डोलावली आणि मग जिना उतरताना माझ्या डाव्या हाताला चिकटून चालली. मी तिला तिथल्या तिथे दटावलं. तरी रोज चिकटतेच.

माझी एक युक्ती तुला आवडेल. तिला मी डावीकडच्या भिंतीलगत बसवलंय, माझ्या बहिऱ्या कानाच्या बाजूला. तिची कुजबुज मला ऐकूच येणार नाही, म्हणजे चारचौघांत तिला रागवायची वेळ येणार नाही. तिच्या मागे वर्गाची मॉनिटर बसते. गुणी मुलगी. खडू आणते, फळा पुसते, मी विसरलेली छत्री घरी आणून देते. एवढ्या दांडग्या वर्गात तीच एक आधार आहे.

आणि ताई, मी फळ्यावर हाताने वर्तुळ काढतो ना, एका दमात, दोरी न लावता, तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका वर्ग गप्प होतो. बावीस वर्षं नकाशे काढले, पण असं मानाने कुणी बघितलं नव्हतं.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे, तो या दोन महिन्यांत जरा जास्तच लागेल.

तुझा,
गट्टू मास्तर

११ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. बाबा तर फारच मजेत आहेत. अंघोळ करताना गातात. गाणं एकच, आणि तेही त्यांना अर्धंच येतं, पण आठ महिन्यांनी गातायत म्हणून मी दार वाजवत नाही.

एक काम होतं. तू मला शाळेचे दोन पांढरे शर्ट शिवून देशील का? लांब बाह्यांचे. आणि डावी बाही दुहेरी कापडाची हवी, खांद्यापासून कोपरापर्यंत. मी भिंतीलगत बसते ना, ती भिंत खरखरीत आहे, हात घासतो. कापड जाड चालेल. जाडच घाल. बाबांना सांगू नकोस, ते म्हणतील नखरे वाढले.

शाळेत बाबांना सर म्हणायची मला आता सवय झालीय. काल जेवताना चुकून सर, मीठ द्या म्हणाले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे?),
खारू

१५ जुलै

चि. खारूस,
अ. उ. आ.

शर्टाचं कापड बेतायला घेतलंय. पण बाई, मी एकतीस वर्षं मशीन चालवतेय. लोकांनी माझ्याकडून चोरखिसे शिवून घेतले, पोट झाकायला पट्ट्या लावून घेतल्या, एकाने तर नवऱ्याशी भांडून आलेल्या बहिणीसाठी रातोरात सहा झबली शिवून नेली. पण एकच बाही दुहेरी कर असं सांगणारी तू पहिलीच.

भिंतीला घासतं ते कोपर. तू माप दिलंयस खांद्यापासून. भिंत कापड फाडते, ती काही दंडात शिरत नाही. आणि या उकाड्यात कुणी लांब बाह्या मागत नाही, अंगावर काही लपवायचं असल्याशिवाय.

मी तुझ्या बापाला काही सांगणार नाही. शपथ घेते, माझ्या कात्रीची. ती माझी सगळ्यात महागडी वस्तू आहे, तुला ठाऊक आहे. पण मला खरं लिही. नाही लिहिलंस तर शर्ट पाठवणार नाही आणि मी स्वतः येईन, गुडघा असो नसो.

वाट बघणारी,
आत्या

१९ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शपथ लक्षात ठेव.

पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून मॉनिटरने विचारलं, तुझ्या बाबांनी तुला कोपऱ्यात का बसवलं? मी हसत सांगून टाकलं की बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, लहानपणी तापाने गेला. आत्या, मीच सांगितलं. मला वाटलं मैत्री होतेय.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चाचणीचा पेपर तुझे बाबा घरीच काढतात, तो आण. मी नाही म्हटलं. तेव्हापासून रोज. बाबा फळ्याकडे वळले की माझ्या शेजारची माझं मनगट बाकाखाली दाबून धरते आणि मॉनिटर मागून कर्कटक खुपसते. कंपासपेटीतलं ते, दोन्ही पायांना टोकं असलेलं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकदा, दुसऱ्यात दोनदा, असं ती वाढवत नेते. बाबांचं वर्तुळ पुरं व्हायला नऊ सेकंद लागतात. मी मोजलेत. त्या वेळी वर्ग गप्प असतो तो फळ्याकडे बघत नसतो. सगळे माझ्याकडे बघत असतात, मी ओरडते का ते.

परवा मुतारीत त्यांनी माझं डोकं नळावर आपटलं. भुवईला लागलं ते बाबांना मी दार लागलं म्हणून सांगितलं. बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी उभी मारतात, धारेच्या बाजूने. त्याने वळ कमी उठतो पण बोटं दिवसभर मिटत नाहीत.

तू म्हणशील सांग. कसं सांगू? मॉनिटर म्हणाली, आधीचे सर एका हाताच्या धक्क्याने खाली गेले. तुझ्या बाबांना तर डावीकडून आलेलं कळणारही नाही. म्हणून जिन्यावर मी त्यांच्या डावीकडून चालते. ते सगळ्यांदेखत मला रागावतात, पण मी हलत नाही.

आणि ते गातात गं आत्या. पत्र जाळून टाक.

तुझी,
खारू

२५ जुलै

चि. गट्टूस,
अ. उ. आ.

शर्टांचं पार्सल पाठवलंय. पोरीला सोमवारपासून घालू दे आणि काही विचारू नकोस.

तुझ्याकडे एक मागणं आहे. खारूची जागा बदल. उजवीकडे घे, पहिल्या बाकावर. का ते विचारू नकोस, बहीण सांगते म्हणून कर. आयुष्यात मी तुझ्याकडे मागितलं काय? फक्त माझी सायकल परत, आणि तीही तू दिली नाहीस.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून आणखी एक लिहिते, जे आपण कधी बोललो नाही. आपले बाबा तीन आठवडे आपल्याच शाळेत बदलीवर आले होते, आठवतं? तू चौथीत, मी सातवीत, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. कुणीतरी म्हणालं, मास्तरचा पोरगा म्हणून गट्टूला मार्क मिळतात. बाबांनी तुला पुढे बोलावलं. पहिल्या थपडेला तू उभा राहिलास. दुसरीला डोकं खिडकीच्या चौकटीवर गेलं. तिसरी त्यांनी तू पडल्यावर मारली. कानातलं रक्त कॉलरमध्ये उतरलं, ती कॉलर मी संध्याकाळी मिठाच्या पाण्यात धुतली, आणि म्हणून मला कपड्यातलं वाचता येतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा खाली बघत उभे होते. तूच म्हणालास, ताप आला होता. नऊ वर्षांचा होतास. त्यानंतर ते तुला इतकं जपायला लागले की तुला तापच खरा वाटायला लागला.

आपल्या पोराला आपल्याच वर्गात शिकवणं सोपं नाही, गट्टू. माणूस लोकांकडे बघत राहतो आणि पोर दिसेनासं होतं. जागा बदल.

तुझी,
ताई

२९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शर्ट मिळाले. एक बाही जाड आणि एक पातळ आहे. तुझी नजर अधू झाली असेल तर चष्मा कर, मी पैसे पाठवतो.

जागा बदलणार नाही. आज खारूला पुढे घेतलं तर उद्या चाळीस घरांत बोलतील. तपासणी आठवड्यावर आलीय. मॉनिटरला मी सहज विचारलं, खारू वर्गात नीट बसते ना, तर ती म्हणाली, सर, मी तिच्यावर लक्ष ठेवते. याहून काय हवं?

बाबांबद्दल पुन्हा लिहू नकोस. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मला ताप आला होता. मला तो आठवतो, अंगावरच्या घोंगडीचा वाससुद्धा आठवतो. तुला नेहमीच माझ्यापेक्षा जास्त आठवतं, आणि ते नेहमीच वाईट असतं.

खारूलाही हल्ली काय झालंय कळत नाही. दार लागलं, बाक लागला, रोज काहीतरी लागतं. जेवताना डावा हात मांडीवर ठेवून बसते. काल मी चिडून म्हणालो, हात वर घे, लुळा आहे का? तिने घेतला.

रागावून लिहितोय, तरी तू रागावू नयेस एवढं मागतो.

गट्टू

१ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

शर्ट चांगले आहेत. दुहेरी कापडातून टोक अर्धंच जातं. मॉनिटरला ते कळलं, म्हणून आता ती मान बघते.

गुरुवारी मुख्याध्यापिका वर्गात येणार. मॉनिटर म्हणते, त्या दिवशी बाबा वर्तुळ काढतील तेव्हा ती थांबणारच नाही. मी ओरडले तर तास बिघडेल आणि नोकरी जाईल. नाही ओरडले तर शुक्रवारी बाबांना जिन्यावर गाठणार. म्हणजे दोन्हीकडून तीच जिंकते.

मी माझं कर्कटक पेटीतून काढून खिशात ठेवलंय. नुसतं ठेवलंय.

खारू

४ ऑगस्ट

गट्टू,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. मी शपथ मोडतेय. तुझी ती गुणी मॉनिटर खारूला महिनाभर कर्कटकाने भोसकतेय. तू वर्तुळं काढतोस तेव्हा, तुझ्या बहिऱ्या बाजूला. पोरीला पेपर आणायला सांगतात, ती आणत नाही. ती जिन्यावर तुला चिकटते ती लाडाने नाही, तुला कुणी ढकलू नये म्हणून. तेरा वर्षांची पोर तुझी राखण करतेय आणि तू तिला चारचौघांत दटावतोस.

बाही मीच दुहेरी केली. तेव्हाच गाडीत बसायला हवं होतं. मी कापड शिवत बसले, याबद्दल तू मला काय वाटेल ते बोल.

हे मिळाल्याबरोबर शाळेत जा आणि पोरीला बाहेर काढ. गुरुवारच्या आधी. मी शनिवारी पहिल्या गाडीने येते.

ताई

७ ऑगस्ट, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ४ तारखेचं पत्र आज दुपारी आलं. तपासणी काल झाली.

उद्या तू येशील तेव्हा माझ्या तोंडून हे निघणार नाही, म्हणून लिहून खालच्या दुकानदाराकडे ठेवतो. वाचून मगच जिना चढ.

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी फळ्याकडे वळलो आणि वर्तुळ सुरू केलं. इतकी शांतता की मला वाटलं, आज जमलं. वर्तुळ बंद व्हायला चार बोटं उरली असतील, आणि किंकाळी आली. डावीकडची असूनही मला ऐकू आली, यावरून समज. मॉनिटरचा पंजा बाकावर होता आणि त्यात कर्कटक उभं होतं, दोन्ही टोकं आत. बाकाच्या उतारावरून रक्त वहीवर जात होतं. खारू उभी होती. तिची मान लाल झाली होती, पण ती मला नंतर दिसली. त्या वेळी मला फक्त मागचा बाक दिसला आणि त्यावरच्या बाई.

मी कसा पोचलो आठवत नाही. पहिल्या थपडेला खारू उभीच राहिली. दुसरीला तिचं डोकं भिंतीवर गेलं. ताई, तिसरीसाठी माझा हात वर होता आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली की सर, तुमच्या डावीकडे बघा. सर म्हणाली. मी बघितलं. शेजारच्या मुलीने तिचं मनगट अजून बाकाखाली धरून ठेवलेलं होतं. सोडायचं भान तिला राहिलं नव्हतं.

तिसरी मी मारली नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, दोन पुरल्या.

पाठीमागून बाई आल्या. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला सांगितलं की जो स्वतःच्या मुलीलाही सोडत नाही, असा शिक्षक या शाळेला हवा होता. मॉनिटरला टाके घालायला नेलं, चार पडले. आज सकाळी शिपाई पाकीट घेऊन आला, कायम नेमणुकीचं. मी ते उघडून परत पाठवलं. मागच्या कोऱ्या बाजूला खारूच्या हाताचा नकाशा काढून दिला, मापासकट. ते काम मला येतं.

माप कुठून आलं ते लिहितो. दवाखान्यात नर्सने डावी बाही कात्रीने उसवली. आत दुसरं कापड निघालं, तपकिरी डागांचं, आणि त्यावरची बारीक उलटी टीप मी ओळखली. त्या क्षणी मला तुझा गळा दाबावासा वाटला. तुला माहीत होतं! मग लक्षात आलं की तू जागा बदल म्हणून विनवत होतीस आणि मी तुला चष्म्याचे पैसे पाठवत होतो.

खांद्यापासून कोपरापर्यंत एकोणसत्तर जोड्या आहेत. दोन ठिपक्यांमधलं अंतर प्रत्येक जोडीत सारखं, पाच मिलिमीटर. कुठेही हात हललेला नाही. माझ्या हाताखालच्या एकाही पोराला इतकं सारखं काम जमलं नव्हतं. त्या मुलीचं प्रत्येक बोट मोडावं असं मला वाटलं, अजून वाटतं. पण काल ज्या हाताने मोडायला हवं होतं तो माझ्याच पोरीच्या कानावर पडला, म्हणून आता त्या हाताला काही करू देत नाही.

खारूच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. सहा आठवड्यांत भरून येईल, नाहीतर नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आणि एक राहिलं. डॉक्टरांनी कानात बत्ती घातली आणि विचारलं, हे कशाने झालं? मी समोर उभा होतो. खाली बघत होतो. फरशीवर कापसाचा बोळा पडला होता, तो बघत होतो. आणि मला खारूचा आवाज आला. ती म्हणाली, ताप आला होता, आमच्याकडे तापाने असं होतं.

तेव्हा ती घोंगडी मला आठवली, ताई. तिचा वासही आठवला. तो रक्ताचा होता.

मी मान वर केली आणि डॉक्टरांना सांगितलं की ताप नव्हता. मी मारलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी त्यांना आणखी एक ओळ लिहायला लावली, माझ्या कानाबद्दल, चाळीस वर्षांपूर्वीची. ते म्हणाले त्याची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

खारू माझ्याशी अजून बोललेली नाही. मी समोर बसलो तर उठून जात नाही, एवढंच. लोभ असावा असं मागायचं तोंड मला नाही. तू ये.

तुझा,
गट्टू

ता. क. घंटी बिघडली आहे. दार जोरात वाजव. घरात माणसं दोन आहेत, पण चालणारे कानही दोनच.